आठवड्याला वीस रुपये आणि तीन दिवसांची मुंबई

आम्ही पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवरच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. गटात आम्ही बारा जणी. दोघींचं माहेर महाडचं, बाकीच्यांची माहेरं आजूबाजूच्या वाड्यांवरची. सगळ्यात लहान अठ्ठावीस वर्षांची, सगळ्यात मोठ्या आमच्या आजी, शहात्तर वर्षांच्या. यंदा माघात आम्ही बाराही जणी मिळून मुंबईला जाऊन आलो. लग्नाला नाही, मयताला नाही, कुणाला दवाखान्यात भेटायलाही नाही. नुसतं बघायला गेलो होतो. तो पैसा कसा जमवला, कसा खर्च केला आणि तिथं काय पाहिलं, हे आज तुम्हाला सांगायचंय.

तुम्ही म्हणाल, मुंबईला जाण्यात काय मोठंसं? आपल्या महाड-पोलादपुरात प्रत्येक घरातलं एक तरी माणूस मुंबईला आहेच. खरंच आहे. पण मैत्रिणींनो, जरा आठवून बघा. आपण मुंबईला तांदूळ पाठवले, पोहे पाठवले, कोकम पाठवली, वालाच्या शेंगा पाठवल्या. पोरं पाठवली. आपण स्वतः किती वेळा गेलो? आमच्या बारा जणींत चार जणींनी मुंबई पाहिलीच नव्हती. बाकीच्या गेलेल्या, पण कशाला? कुणी नणंदेच्या लग्नाला, कुणी सासऱ्यांच्या ऑपरेशनला. स्टेशन ते घर, घर ते दवाखाना, एवढीच त्यांची मुंबई.

सुरुवात झाली आजींमुळे. एका बैठकीत हप्ते गोळा करून झाले आणि आजी म्हणाल्या, "माझ्या मालकांनी बावीस वर्षं लालबागला गिरणीत काढली. गावकीच्या खोलीवर राहायचे. ती खोली मी एकदासुद्धा पाहिली नाही. मरायच्या आधी बघायची आहे." आम्ही सगळ्या गप्प झालो. मग एक जण म्हणाली, "मग जाऊया की." हसण्यावारी बोलली होती, पण विषय काही सुटला नाही.

पहिला प्रश्न पैशाचा. गटाची महिन्याची बचत असते, तिला हात लावायचा नाही, हे आधीच ठरलं. ती कर्जाच्या कामाची, तिच्यात फिरण्याचे पैसे मिसळले तर उद्या बँकेत हिशोब देताना अडचण. म्हणून वेगळा डबा केला. दर सोमवारी प्रत्येकीनं वीस रुपये टाकायचे. वीस रुपये म्हणजे काय? दोन कटिंग चहा. वर्षाचे आठवडे बावन्न, म्हणजे एकीचे एक हजार चाळीस रुपये. डब्याला कुलूप. डबा एकीकडं, चावी दुसरीकडं, वही तिसरीकडं. कुणावर अविश्वास म्हणून नाही. घरात अडचण आली की हात आपोआप डब्याकडं जातो, हे आम्हाला आमचंच ठाऊक आहे. पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत दोघींचे पाच-पाच आठवडे चुकले. त्यांनी ते पुढं भाताची कापणी झाल्यावर मजुरीतून भरले. कुणी त्यांना बोल लावला नाही.

दुसरा प्रश्न घरच्यांचा. पैशापेक्षा तो अवघड. "मुंबईत काय बघायचंय, नुसती गर्दी," असं एकीच्या घरून. "गुरांचं कोण बघेल," असं दुसरीच्या. तिसरीच्या सासूबाई घाबरलेल्या. त्यांचंही चुकत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पडला आणि दोन एसटी गाड्या पुरात गेल्या. तो दिवस इथं कोण विसरलंय? तेव्हापासून घरातलं माणूस प्रवासाला निघालं की पोटात गोळा येतो. आम्ही त्यांना सांगितलं, पावसाळ्यात जायचंच नाही. भात घरात आल्यावर, वाल-पावट्याची गडबड लागायच्या आत, थंडीतच जायचं. जायचं-यायचं दिवसाउजेडी. आणि गुरांसाठी, लहान पोरांसाठी शेजारच्या वाडीतल्या गटाला विनंती केली. त्यांनी तीन दिवस सांभाळलं. त्या जातील तेव्हा आम्ही त्यांचं सांभाळायचं, असा शब्द दिलाय.

आता जायचं कशानं? इथं दोन वाटा आहेत, दोन्ही सांगतो.

पहिली वाट एसटीची. १७ मार्च २०२३ पासून राज्यात सगळ्या एसटी गाड्यांत बायकांना अर्धं तिकीट आहे. साधी गाडी असो नाहीतर वातानुकूलित, सवलत सगळ्यांना. फक्त राज्याच्या हद्दीपर्यंत. आधीच आरक्षण केलं तर त्याचा आकार वेगळा द्यावा लागतो. पंचाहत्तर वर्षं पूर्ण झालेल्या माणसांना, बाई असो की पुरुष, ऑगस्ट २०२२ पासून एसटी पूर्ण मोफत आहे. मात्र वयाचा पुरावा जवळ हवा, आधार कार्ड घेऊन जा. आमच्या आजी पोलादपूरहून मुंबईला एक रुपया न देता गेल्या आणि आल्या. कंडक्टरनं शून्याचं तिकीट दिलं, ते त्यांनी अजून बटव्यात जपून ठेवलंय.

जानेवारी २०२५ मध्ये एसटीचं भाडं वाढलं, तरी अर्ध्या तिकिटात आम्हाला पोलादपूर ते मुंबई साध्या गाडीला एकीला एकशे सत्तर रुपयांच्या आसपास पडले. तुमचा गाव कुठला, गाडी कुठली, यावर थोडंफार कमी-जास्त होईल. निघण्याआधी आगारात विचारून घ्या.

दुसरी वाट रेल्वेची. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा तुकडा १९९३ साली सुरू झाला आणि वीर स्टेशन आपल्या महाड तालुक्यातच आहे. पुढं सापे-वामने आणि करंजाडी ही स्टेशनंही आपल्याच भागातली. दिव्याला जाणारी पॅसेंजर गाडी स्वस्तात पोहोचवते, एसटीच्या अर्ध्या तिकिटापेक्षाही कमी पैशात. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. रेल्वेत बायकांना तिकिटात सवलत नाही. ज्येष्ठांना पूर्वी होती, ती मार्च २०२० पासून बंद आहे. आणि पॅसेंजर क्रॉसिंगला थांबत थांबत जाते. ज्यांना वेळ आहे आणि पैसे वाचवायचेत, त्यांनी ही वाट धरावी. आमच्यात आजी होत्या, गुडघेदुखीच्या दोघी होत्या, स्टेशनला जायला वेगळी गाडी करावी लागली असती, म्हणून आम्ही एसटीनं गेलो.

प्रवासाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आपण आज अर्धं तिकीट मागतो आणि कंडक्टर देतो. आपल्याच महाडला याची दुसरी बाजू घडलेली आहे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, हे आपल्याला माहीत आहे. त्याच वर्षी डिसेंबरात ते परिषदेसाठी पुन्हा महाडला आले, तेव्हा मोटारीच्या वाटेनं आले नाहीत. मोटारवाल्यांनी आयत्या वेळी न्यायला नकार दिला तर काय, म्हणून बोटीनं दासगाव बंदराला उतरले. तिथून महाड पायी गाठता येतं. प्रवास सगळ्यांना सारखा मोकळा कधीच नव्हता. त्या परिषदेच्या वेळी त्यांनी जमलेल्या बायकांपुढं वेगळं भाषणही केलं होतं. आमच्या महाडच्या मैत्रिणीनं एसटी दासगाववरून जाताना हे सांगितलं, तेव्हा गाडीतल्या इतर बायाही कान देऊन ऐकत होत्या.

तर आम्ही पहाटे निघालो. भाकऱ्या, सुकी चटणी, उकडलेली रताळी, पाण्याच्या बाटल्या बरोबर. प्रत्येकीच्या कमरेच्या पिशवीत एक कागद. त्यावर मुंबईतल्या तिन्ही घरांचे पत्ते आणि फोन नंबर, गटातल्या दोघींचे नंबर, आणि ११२, १८१ नि रेल्वेसाठी १३९ हे मदतीचे नंबर. मोबाईलची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही. आणखी एक नियम केला होता. कुणी चुकली तर तिनं जागचं हलायचं नाही. शोधायला बाकीच्या येतील.

हा नियम दुसऱ्याच दिवशी कामाला आला. गर्दीच्या एका स्टेशनात अकरा जणी लोकलमध्ये चढलो आणि बारावी खाली राहिली. गाडी सुटली. आमचं तर काळीजच हललं. पुढच्या स्टेशनला आम्ही उतरलो, दोघी उलट्या गाडीनं परत गेल्या. ती त्याच खांबाला टेकून उभी होती. रडत होती, पण हलली नव्हती. परत आल्यावर ती म्हणाली, "कागद होता म्हणून धीर होता." तेव्हापासून आम्ही गाडीत चढताना आजींना आणि ज्या बावरतात त्यांना मध्ये ठेवलं. सगळ्यात पुढं एक धीट आणि सगळ्यात मागं एक धीट.

राहायचं कुठं? लॉज आम्हाला परवडणारा नव्हता. नातेवाईकांकडंच राहायचं, पण बारा जणींनी एकाच घरावर कोसळायचं नाही. तीन घरांत चार-चार जणी वाटून घेतल्या. आणि एक गोष्ट आम्ही आधीच ठरवली होती, ती तुम्हालाही आवर्जून सांगतो. मुंबईतल्या घरी फुकट राहायचं नाही. प्रत्येकीनं दीडशे रुपये काढले, म्हणजे चार जणींचे सहाशे. ते त्या घरच्या वहिनीच्या हातात दिले, दादाच्या नाही. वर तांदूळ, वाल आणि कोकम नेलं ते वेगळं. वहिनी "नको नको" म्हणत होती. आम्ही म्हटलं, "वहिनी, तुमच्याकडं पाणीसुद्धा मोजून येतं." मग तिनं घेतले.

आणि खरंच मोजून येतं हो. आम्ही ज्या चाळीत उतरलो तिथं पाणी पहाटे साडेचारला येतं आणि सहाला जातं. तेवढ्यात पिंप, बादल्या, हंडे भरायचे. संडास मजल्यावर सामाईक, सकाळी रांग. खोली एकच. दिवसा तीच बैठक, रात्री तेच निजायचं. वहिनी साडेचारला उठते, पाणी भरते, डबे करते आणि सहा चाळीसला घराबाहेर पडते. ती एका कार्यालयात साफसफाईचं काम करते. भाजी घेताना पाव किलोच्या वर कधी घेत नाही, कारण ठेवायला जागा नाही आणि उद्याचे पैसे उद्याच हातात येतात. कोथिंबिरीच्या पाच रुपयांच्या जुडीतली अर्धी ती पाण्यात उभी करून तीन दिवस पुरवते.

आमच्यातली एक जण याच वहिनीची सख्खी जाऊ. तिच्या मनात कित्येक वर्षांची अढी होती. "आमची धाकटी गणपतीला चार दिवस येते, पाचव्या दिवशी पळते. कामाला हात लावत नाही, झोपून असते." त्या पहाटे ही जाऊबाईंबरोबर नळावर उभी राहिली. दोन हंडे भरून वर आली आणि म्हणाली, "अगं, तू तिकडं येऊन झोपतेस ते बरोबरच आहे." वहिनी हसली आणि हसता हसता डोळे पुसले.

आम्हीही मग आमचं सांगितलं. वहिनीला वाटायचं, गावाला खर्चच कसला, हवा चांगली, भाजी दारात. आम्ही सांगितलं, आपल्याकडं पाऊस डोंगर फोडून पडतो, पण एप्रिल-मे आला की कितीतरी वाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. दवाखान्याला पोलादपूर नाहीतर महाड गाठावं लागतं, शेवटची गाडी चुकली की रिक्षाला तीन दिवसांची मजुरी जाते. दोघींनी एकमेकींची पहाट पहिल्यांदा मोजली. मैत्रिणींनो, सगळ्या प्रवासात हे एवढं पदरात पडलं असतं तरी आमचे हजार रुपये वसूल होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्यातल्या तिघी वहिनीबरोबर लोकलच्या बायकांच्या डब्यात गेल्या. बाकीच्या मागाहून, गर्दी ओसरल्यावर. त्या तिघींनी जे पाहिलं ते अजून सांगत असतात. बायका उभ्या उभ्या भाजी निवडतात, गवार मोडतात, कुणी गजरा करतं, कुणाचा वाढदिवस असला तर डब्यातच वाटतात. मुंबईत ५ मे १९९२ ला नुसत्या बायकांची पहिली लोकल चर्चगेट ते बोरिवली सुटली. म्हणजे एवढ्या बायका रोज कामाला जात होत्या की एक अख्खी गाडी भरत होती.

फिरलो कुठं? पैसे थोडे, म्हणून फुकट आणि स्वस्त जागा आधी निवडल्या. पहिल्या दिवशी दुपारी दादरला चैत्यभूमी आणि समुद्र. दुसऱ्या दिवशी राणीची बाग. तिथं मोठ्या माणसाला पन्नास रुपये तिकीट होतं, आणि बुधवारी बाग बंद असते, तेवढं बघून जा. पेंग्विन बघून आमची अठ्ठावीस वर्षांची मैत्रीण लहान पोरीसारखी नाचली. बागेचं खरं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. जिजाऊंची समाधी आपल्या पाचाडला आहे, रायगडाच्या पायथ्याशी. आम्ही तिथल्या रखवालदाराला सांगितलं, "आम्ही जिजाऊंच्या गावाकडच्या." त्यानं आजींना बसायला खुर्ची दिली. संध्याकाळी गेटवे आणि बोरीबंदरच्या दिव्यांची इमारत, दोन्ही बाहेरून. त्याला पैसे लागत नाहीत.

मुंबईत फिरायला लोकल सगळ्यात स्वस्त. दहा किलोमीटरपर्यंत सेकंड क्लासला पाच रुपये. बेस्ट बसचं कमीत कमी तिकीट मे २०२५ पासून दहा रुपये झालंय, वातानुकूलित बसला बारा. ज्यांना तीन-चार दिवस लोकलनं खूप फिरायचंय त्यांच्यासाठी एक, तीन किंवा पाच दिवसांचं टुरिस्ट तिकीट मिळतं. ते खिडकीवर मागा. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ लोकलला जाऊ नका. ती वेळ कामावर जाणाऱ्यांची. आपण तिथं पाहुणे.

आता आजींच्या खोलीचं.

ती शोधायला अर्धा दिवस गेला. आजींना चाळीचं नाव पाठ होतं, दुसरं काही नाही. पूर्वी गिरणगावात एकेका गावाची खोली असायची. एका खोलीत वीस-वीस, तीस-तीस पुरुष. पाळ्यांनी कामाला जायचे, पाळ्यांनी झोपायचे. बायका तिथं राहत नसत. जेवण खानावळवाल्या बाईकडं. त्या खानावळवाल्या बायाही आपल्यासारख्याच, बहुतेक गिरणी कामगारांच्या घरच्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना एकत्र केलं आणि सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. बचत गट हा शब्द आपल्या वाडीवर यायच्या कितीतरी आधी. मग जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप झाला. आजींचे मालक त्यातच गावी आले ते परत गेलेच नाहीत.

आजूबाजूला उंच टॉवर उभे राहिलेत. आम्हाला वाटलं, चाळ पाडली असणार. पण एका पानवाल्यानं बोट दाखवलं. चाळ होती. खोलीही होती, आणि अजून आपल्याच भागातली पाच-सहा पोरं तिथं राहतात. त्यांनी आजींना आत बोलावलं. भिंतीला खुंट्या, वर फळीवर जुन्या पत्र्याच्या ट्रंका. आजींनी भिंतीला हात लावून खोली पावलांनी मोजली. लांबी तेरा पावलं, रुंदी नऊ. मग खाली बसल्या आणि म्हणाल्या, "एवढ्यात तीस माणसं? मी जन्मभर म्हणत आले, हा माणूस तिकडं मजा मारतोय आणि मी इकडं चिखलात. त्यांना कधी नीट विचारलंच नाही." पोरांनी चहा केला. आजींनी बटव्यातून शंभराची नोट काढून त्यांच्या देवापुढं ठेवली. येताना त्या कुणाशी बोलल्या नाहीत. पण घरी आल्यावर त्यांनी भिंतीवरचा मालकांचा फोटो पुसून घेतला, आणि नातसुनेला तो बावीस वर्षांचा सगळा हिशोब सांगितला. त्या घरात तो याआधी कुणी सांगितला नव्हता.

अशी ताटातूट काही आपल्याच नशिबी नाही. चीनमध्ये वसंताचा सण येतो, त्यांचं नवं वर्ष, तेव्हा शहरांत कामाला गेलेली कोट्यवधी माणसं गावी जायला निघतात. जगात दरवर्षी एकाच वेळी होणारा सगळ्यात मोठा प्रवास तो. आपल्या गणपतीच्या गाड्या आठवा आणि त्याला हजारानं गुणा. तिथंही लाखो मुलं गावात आजी-आजोबांकडं वाढतात आणि आईबाप शहरात. आणि तिथंही लोक स्वस्तातला प्रवास शोधतातच. बीजिंग शहरात साठी ओलांडलेल्या रहिवाशांना सिटी बस मोफत आहे. म्हातारी माणसं पिशवी घेऊन बसनं बागेत जातात, बाजार करून परत येतात. आपल्या आजींनी शून्याचं तिकीट जपलं, तसं तिकडंही कुणी आजी आपलं कार्ड जपत असेल.

आता शेवटी हिशोब, कारण तुम्ही त्याचीच वाट बघत असाल. एकीचा खर्च असा. वाडी ते पोलादपूर जाऊन-येऊन चाळीस रुपये. पोलादपूर ते मुंबई जाऊन-येऊन तीनशे चाळीस. मुंबईत लोकल आणि बस शंभर. राणीची बाग पन्नास. चहा, वडापाव आणि एक वेळचं बाहेरचं जेवण दोनशे. वहिनीच्या हातात दिले ते दीडशे. झाले आठशे ऐंशी. अडीअडचणीला वेगळे ठेवले शंभर, ते लागले नाहीत. डब्यात एक हजार चाळीस होते. म्हणजे प्रत्येकीचे एकशे साठ उरले. आजींचं एसटीचं तिकीट वाचलं, त्याचे त्यांनी काय केलं ते तुम्हाला सांगितलंच.

ज्यांना मुंबई लांब वाटते त्यांनी जवळून सुरुवात करा. एका दिवसात महाडचं चवदार तळं आणि गांधारपाले लेणी होतात. दुसऱ्या दिवशी पाचाड. कधी शिवथरघळ, कधी तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ, कधी आंबेनळी घाटानं महाबळेश्वर, म्हणजे आपली सावित्री जिथं उगम पावते तिथं. अर्ध्या तिकिटात आणि घरच्या भाकरीत हे सगळं बसतं. आमच्यातल्या कितीजणींनी चवदार तळं बाजाराच्या पिशव्या हातात घेऊन नुसतं बाहेरून पाहिलं होतं. त्याच्या पायऱ्यांवर कधी बसलो नव्हतो.

आम्हाला विचारतात, फिरून काय मिळालं? शेताला पाणी मिळालं नाही, कर्ज फिटलं नाही. पण जी माणसं आपल्या घरची, तीच कुठं निजतात, कधी उठतात, पाव किलो भाजी कशी पुरवतात, हे डोळ्यांनी पाहिलं. ते पाहिल्याशिवाय आपण एकमेकींवर रागावत राहतो. राग धरायलाही काही खर्च येतो, मैत्रिणींनो, फक्त तो वहीत लिहिला जात नाही. फिरणं ही चैन आहे असं आपल्याला शिकवलंय. वीस-वीस रुपयांनी जमवलं आणि वहीत लिहिलं की ती चैन राहत नाही, ती बचत गटाचीच एक नोंद होते.

आमचा डबा पुन्हा रिकामा झालाय. उरलेल्या एकशे साठांनी त्याची सुरुवात केली आहे. पुढच्या माघात वहिनीला इकडं बोलावलंय. तिला आठ दिवस झोपू द्यायचं, असं तिच्या जाऊबाईंनीच ठरवलंय. तिच्या येण्या-जाण्याचं तिकीट डब्यातून जाणार. अर्धंच लागतं.

येत्या सोमवारी तुमच्या बैठकीत हप्ते झाले की विचारून बघा, कुणाला कुठं जायचंय. एखादी आजी काहीतरी सांगेल.